गोठ्यातलं कॅल्शियम

फ्रॅक्स नावाच्या प्रश्नावलीत प्रश्न मोजकेच आहेत. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाने ती 2008 मध्ये आणली. येत्या दहा वर्षांत आपलं हाड मोडण्याची शक्यता किती टक्के, हे ती सांगते. भारतीयांसाठी तिच्यात वेगळा हिशेब आहे. वय, वजन, उंची लिहिताना माझा हात अडखळला नाही. अडखळला तो या प्रश्नाशी: आई किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का?

आईचा मोडला होता. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय सरकला आणि तिने अंथरूण धरलं. वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. भेटायला येणाऱ्यांना आम्ही सांगितलं, वय झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण मनाला खरं सांगायचं तर वयाच्या आधी बरंच काही झालं होतं. उंबऱ्याला ठेचकाळून तिचं मनगट मोडलं होतं. पाठीला बाक आला होता. लुगडं पायात यायला लागलं, तेव्हा आम्ही म्हणालो, नेसणं ढिलं झालंय. नेसणं ढिलं झालं नव्हतं, मणके दबून आई बुटकी होत चालली होती. गुडघ्यांसाठी ती बाजारातून पुड्या आणायची आणि त्यांनी लगेच आराम पडायचा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं, आणि ते सलग तीन महिने पोटात गेलं तरी हाडं पोखरतं. फ्रॅक्स हेही विचारतं. विडी-सिगारेटचं विचारतं, मिश्रीचं मात्र विचारत नाही. आईची मिश्री मला आठवली, आणि माझीही.

पुढचा प्रश्न माझा. पाळी पंचेचाळिशीच्या आत कायमची गेली का? माझी पिशवी चाळिशीतच काढली, बीजकोशांसकट. कटकट गेली, असं सगळ्याजणी म्हणाल्या, मीही म्हणाले. बीजकोश गेले की इस्ट्रोजन आटतं आणि हाडांची झीज भरधाव होते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्या अहिल्यानगरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या बाया तशाच कोयत्यावर जातात आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरतात. त्यांच्या मणक्यांचं साठीला काय होणार, हे कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. मी स्वतःही बोलले नव्हते.

मनाला सगळ्यात जास्त कुठे टोचत असेल तर गोठ्यापाशी. आपला जिल्हा दुधाचा. पहाटे धार काढायची, कॅन भरायची, डेअरीची गाडी गाठायची. गाय व्याली की आम्ही तिला कॅल्शियमची बाटली पाजतो. ती बसली तर डॉक्टर धावत येतो आणि शिरेतून कॅल्शियम देतो. दुधावाटे तिच्या अंगातलं कॅल्शियम जातं, हे घरातलं शेंबडं पोरही जाणतं. त्याच घरातली बाई चार पोरांना अंगावर पाजते, सगळं दूध कॅनमध्ये ओतते आणि स्वतः कोरा चहा पिते. तिला बाटली कुणी पाजली?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीत मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, पाळी गेलेल्या बाईला 1200. पेलाभर गाईच्या दुधात अडीचशेच्या आसपास मिळतं. आपल्या रोजच्या बाजरीच्या भाकरीत ते फारच थोडं असतं. आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पिकणाऱ्या नाचणीत मात्र शंभर ग्रॅमला तीनशेच्या वर, आणि ती नाचणी आम्ही इतकी वर्षं गरिबाचं धान्य म्हणून ताटाबाहेर ठेवली. हाडांची साठवण साधारण तिशीपर्यंतच होते. माझी नात आता वयात येते आहे. तिच्या पेल्यात काय पडतं, याचं उत्तर मलाच द्यायचं आहे.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात दगावतं, असं जगभरातले अभ्यास सांगतात. म्हणजे आईचं जाणं आक्रीत नव्हतं. ते अटळ मात्र नक्की नव्हतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी काही मिनिटांची असते, दुखत नाही. तिच्यात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मग आठवड्याला एक गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन असे उपाय आहेत आणि त्यांनी हाड मोडण्याचा धोका खरोखर कमी होतो. गाईच्या औषधांवर आम्ही जेवढा खर्च केला, त्याच्यापुढे या तपासणीचा खर्च काहीच नव्हता. पैसा नव्हता म्हणून आई तपासायची राहिली, असं मला म्हणता येणार नाही. तिची गणतीच आम्ही केली नव्हती.

तुमच्या घरी आई असेल, सासूबाई असतील, तर त्यांना भिंतीला उभं करून उंची मोजा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा दीड इंच कमी भरली, किंवा पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर पुढच्या पडण्याची वाट बघू नका, डॉक्टरांकडून डेक्सा लिहून घ्या. आणि उद्या सकाळी कॅन डेअरीला जायच्या आधी घरातल्या लेकीसुनांचं दूध बाजूला काढून ठेवा.