मनाईचा अधिकार

दिवाळीला चार दिवस उरले की मुले विटा, गोणपाट आणि लाल माती गोळा करू लागतात, आणि अंगणात किंवा जिन्याखालच्या बोळात शिवरायांचा एखादा किल्ला उभा राहतो. अळिवाचे हिरवे रान उगवते, मावळे आपापल्या जागी बसतात, आणि येणारे-जाणारे क्षणभर थांबून पाहतात. पूर्वी किल्ल्याचे प्रेक्षक म्हणजे एवढेच. कुणी ‘वा!’ म्हणे, कुणी ‘बुरूज कललाय रे’ म्हणे, आणि समोरच्या आळीतल्या पोरांचा किल्ला मोठा निघाला तर रात्रभर थोडी चुटपुट लागे. आता मी राहते त्या ओव्यातही किल्ल्याला दरवाजा बसलेला नसतो तोच त्याचा फोटो मोबाइलवर पडतो. मग मुले किल्ल्यापाशी नसतात. किती जणांनी पाहिला, किती लाइक आले, ते मोजत जिन्यात बसलेली असतात.

चुटपुट काही नवी नाही. माणूस स्वतःची किंमत दुसऱ्याकडे पाहून ठरवतो, हे लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सिद्धान्तरूपाने मांडले. आपल्या आज्यांना ते त्याच्याही आधी ठाऊक होते. पण आजीच्या जगात शेजारी मोजके असत आणि त्यांचे सारेच दिसत असे. समोरच्या घरात नवी साडी आली हे जसे कळे, तसे त्या घरात काल रात्री भांडण झाले हेही कळे. हेवा आणि कणव एकाच भिंतीपलीकडून येत, आणि हिशेब बहुधा जुळून जाई. आता मुलीच्या तळहातावर जो शेजार आला आहे, त्याला अंत नाही आणि त्याच्या घरातले भांडण कधी ऐकू येत नाही. तिथे सगळ्यांची त्वचा नितळ, सगळ्यांची सहल झालेली, सगळ्यांना मैत्रिणी. आपली नववीतली मुलगी या साऱ्या जगाशी रात्री अकरा वाजता, एकटी, पांघरुणात तोंड घालून स्पर्धा करीत असते.

यात तिचा दोष किती आणि यंत्राचा किती, हे आधी पाहिले पाहिजे. पडदा बोटाने सरकवीत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही युक्ती २००६ साली अझा रास्किन या तरुणाने काढली. पुढे त्याने स्वतःच तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, नाटकाला पडदा पडतो, जेवताना पोट भरते. जिथे काही संपते तिथे माणूस मान वर करून घड्याळाकडे पाहतो. ती जागाच इथे काढून टाकलेली आहे. फेसबुकने लाइकचे बटण आणले ते २००९ मध्ये. त्याने कौतुकाचा आकडा केला. कौतुकाला आवाज असतो, चेहरा असतो, त्यात थोडी थट्टाही असते. आकड्याला यातले काही नाही, त्याला फक्त दुसऱ्याचा आकडा असतो. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन या बाईंनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे जगापुढे ठेवली. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत होते, त्यांच्यापैकी सुमारे ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्रामने ते अधिकच वाईट वाटू लागल्याचे सांगितले होते. कंपनीच्याच पाहणीतला हा आकडा. म्हणजे जे आईला दिसत नव्हते, ते दुकानदाराला दिसत होते.

न्यायाने एवढे म्हटले पाहिजे की, समाजमाध्यमांनी मुलांची मने किती बिघडतात याविषयी विद्वानांत एकमत नाही. काहींच्या मते सारी पिढीच आजारी पडली आहे. काहींच्या मते परिणाम सरासरीने लहान, आणि आधीच दुखावलेल्या मुलांवर मात्र मोठा. मला स्वतःला दुसरा पक्ष अधिक पटतो. शिवाय वर्गात ज्याला कुणी जवळ करीत नाही अशा एखाद्या मुलाला पाखरांचा किंवा बुद्धिबळाचा नाद असतो, आणि त्याचे सोबती त्याला मोबाइलवरच भेटतात. ते त्याच्याकडून कुणी हिरावून घेऊ नये.

पालकसभेत मात्र उत्तर एकच निघते: मोबाइल काढून घ्या. ते उपयोगाचे आहे की नाही, हा एक प्रश्न. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो फारसा विचारला जात नाही. मनाई करण्याचा आपल्याला अधिकार कोणता?

आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन गावांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनएक हजार वस्तीचे गाव आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर भरू लागले. म्हणजे वहीच्या जागी मोबाइल आपण मोठ्यांनीच मुलांच्या हाती ठेवला. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाइल हातातून सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने महिलांची सभा घेऊन ठराव केला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी गावच्या ग्रामसभेनेही ठराव केला. अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरू नये, वापरल्यास दंड.

दोन्ही गावांची तळमळ सारखीच खरी आहे. परंतु ठराव एका जातीचे नाहीत. बांशीचा ठराव मुलांसाठी आहे. वडगावचा भोंगा सर्वांसाठी वाजतो. तो आईच्या मालिकेलाही लागू, बापाच्या क्रिकेटलाही आणि सरपंचाच्या व्हॉट्सअॅपलाही.

कुणी म्हणेल, यात काय बिघडले? बाप विडी ओढतो म्हणून ‘विडी ओढू नकोस’ हा त्याचा उपदेश खोटा ठरत नाही. दारुड्यालाच दारूचे दुष्परिणाम अधिक ठाऊक असतात. शिवाय लहान आणि मोठे सारखे नव्हेत. मोटार चालवायला, मत द्यायला, लग्न करायला आपण वयाची अट घालतोच. मुद्दा बिनतोड दिसतो. पण त्यात उपदेश आणि आज्ञा यांची गल्लत झालेली आहे. उपदेश खरा असला म्हणजे पुरतो; तो करणारा कसा आहे याला फारसे महत्त्व नाही. आज्ञेचे तसे नाही. मूल तिच्यात सत्य शोधत नाही, न्याय शोधते. ‘मोबाइल वाईट आहे’ हे सांगणारा बाप स्वतः ताटावर बसून रील पाहत असेल, तर मुलाला कळते ते एवढेच, की या घरात सुखाच्या वस्तू बलवानाला मिळतात. आता तेही बलवान होण्याची वाट पाहू लागते. मोटारीचा दाखला इथे चालत नाही, कारण बाप दिवाणखान्यात बसून मुलाच्या अंगावर मोटार घालीत नाही. ताटावरचा मोबाइल मात्र मुलाच्या वाट्याची नजर घेऊन जातो.

ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आला: सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही. यात दंड आहे तो कंपन्यांना. मुलांना नाही आणि पालकांनाही नाही. हे मला योग्य वाटते. ज्याने पान न संपणारे केले, त्याच्याकडेच आधी जाब मागावा. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळण्याआधी पालकांची संमती मागितली आहे आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. कायदे हवेतच. तथापि, संमतीच्या रकान्यावर बोट टेकणारा पालक ते वाचून टेकवील की मुलाच्या भुणभुणीला कंटाळून, हे कुठलाच कायदा पाहू शकत नाही.

आणि मनाईचा एक तोटा असा आहे, की तो मनाई करणाऱ्याला दिसतच नाही. आमच्या बाजूच्या एका मुलीचा फोटो वर्गातल्या पोरांनी विद्रूप करून ग्रूपवर फिरवला. तीन आठवडे ती नीट जेवत नव्हती, शाळेत जाताना पोट दुखते म्हणे. आईने डॉक्टर केले, हवापाण्याला दोष दिला, बाहेरचे खाणे बंद केले. शेवटी मावशी आली तेव्हा मुलगी बोलली. ‘आईला का नाही गं सांगितलंस?’ असे मावशीने विचारल्यावर ती म्हणाली, ‘तिने मोबाइलच काढून घेतला असता.’ या उत्तरापुढे सारे पालकशास्त्र थिटे आहे. ज्या घरात दुखणे सांगण्याची शिक्षा ठरलेली असते, तिथे दुखणे सांगितले जात नाही. मुलाने असे काही सांगितले तर त्या दिवशी तरी मोबाइलला हात लावू नये, आधी पूर्ण ऐकून घ्यावे. कोण काय म्हणाले, तुला काय वाटले, पुढे काय व्हावेसे वाटते. मोबाइलचे काय करायचे ते दोघांनी मिळून दोन दिवसांनी ठरवावे. झोप उडाली, खेळ सुटला, मैत्रिणी तुटल्या, ‘मी नसते तर बरे’ अशी भाषा येऊ लागली, तर मात्र घरगुती शहाणपण पुरे करून डॉक्टर गाठावा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून याच कामासाठी आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. तापाला डॉक्टर चालतो आणि मनाला लाज वाटते, हा आपला जुना करंटेपणा आहे.

राहता राहिला भोंगा. तो ओव्यात वाजेल का? वडगावात सगळे एकमेकांना ओळखतात. कोण साडेसातला ओट्यावर मोबाइल घेऊन बसला आहे हे गल्लीला दिसते. ओवे आता तसे गाव राहिलेले नाही. १९७० मध्ये सिडको आली, भाताची खाचरे गेली, खारघरच्या इमारती अंगाला येऊन भिडल्या, २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. जुने गावकरी, चाळीतले भाडेकरू, सदनिकांतले नोकरदार यांचे सात एका वेळी वाजत नाहीत. तळोज्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेल्या बापाचा चेहरा मुलाला दिसतो तो सातच्या व्हिडिओ कॉलवरच. त्या घरात भोंगा वाजवणे म्हणजे बापालाच बंद करणे. इथे प्रत्येक घराला आपला भोंगा आणि आपली वेळ स्वतःच शोधावी लागणार, आणि ते गावाच्या ठरावापेक्षा कठीण आहे, कारण घरात कुणी सरपंच नसतो.

आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी नवरात्रापासून रात्री साडेनऊ ते साडेदहा ही वेळ धरली आहे. कॉल तोवर आटोपलेले असतात. सगळ्यांचे मोबाइल रिकाम्या चकलीच्या डब्यात जातात, आणि तो एका घरच्या फडताळावर राहतो. पहिल्या रात्री सगळ्यांत आधी डब्याकडे हात गेला तो आजोबांचा. त्यांना म्हणे हवामान पाहायचे होते. सहावीतल्या नातीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले आणि म्हणाली, ‘आजोबा, अजून चाळीस मिनिटं आहेत. खिडकीतून बघा की!’ आजोबा कुरकुरत खिडकीशी गेले, आणि तीही त्यांच्यामागून गेली.