शेजारचं बोट

सकाळचे सात वाजले आहेत. ओट्यावर चहा उकळतो आहे आणि खाली पाटावर बसून माझी साडेचार वर्षांची नात टॅबवर 'अ' गिरवते आहे. काचेवर ठिपक्यांचा 'अ' आहे. ठिपक्यांवरून तिचं बोट सरकतं तसा मागे रंग भरत जातो. बोट वाट सोडून गेलं की रंग थांबतो, वाटेवर आलं की पुन्हा धावतो. अक्षर पुरं झालं की चांदण्यांचा पाऊस पडतो, टाळ्या वाजतात. पाच मिनिटांत तिने सात 'अ' काढले. सातही छापल्यासारखे एकसारखे.

मग मी तिच्यापुढे पाटी ठेवली आणि म्हटलं, "आता इथे काढ बरं." ती पाटीकडे बघतच राहिली. पेन्सिल कुठे टेकवायची, तेच तिला कळेना. पाटीवर ठिपके नव्हते.

माझ्या आजोबांची अक्षरओळख धूळपाटीवर झाली होती. फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यात बोटाने अक्षर काढायचं. चुकलं तर हाताने धूळ सारखी करायची की पाटी पुन्हा कोरी. बोटाची आणि अक्षराची गाठ आपल्याकडे इतकी जुनी आहे. म्हणून काचेवर बोट फिरवणारं मूल पाहून मला धसका बसत नाही. फरक दिसतो तो एवढाच, की धूळ अक्षर सुधारून देत नसे. बोट जाईल तसं अक्षर उमटे, पोट सुटलेलं किंवा मान मोडलेलं. ते कुठे बिघडलं हे मुलाला डोळ्यांनी दिसे. आणि शेजारी कोणीतरी बसलेलं असे, मनगट धरून पुन्हा एकदा हात फिरवून घेणारं.

त्या वेड्यावाकड्या अक्षराला मोल आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांचा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. अजून वाचू न लागलेली पाच वर्षांची मुलं त्यांनी घेतली. काही अक्षरं मुलांनी नुसती पाहून हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर बोटाने दाबली. नंतर तीच अक्षरं दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते स्वतः काढलेल्या अक्षरांना जागे झाले. गिरवलेल्या आणि दाबलेल्या अक्षरांना तसे झाले नाहीत. अभ्यास थोड्याच मुलांचा होता, पण ज्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला आहे त्यांना त्यातलं म्हणणं पटेल. स्वतः बिघडवलेलं अक्षर मुलाचं होतं.

तरीही या काचेने जे दिलं आहे ते नाकारणं बरं नव्हे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कवितेवर मोबाइल धरला की ती ऐकू येऊ लागली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते कोड आले आणि 2020 मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. 'प्रथम बुक्स'ने 2015 मध्ये 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. तिथे मराठीसह कितीतरी भाषांतल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. ज्या वाडीत वाचनालय नाही, पुस्तकांचं दुकान नाही, तिथल्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट! गूगलने 2019 मध्ये 'बोलो' नावाचं वाचनाचं ॲप आणलं. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवतो. पुढे त्यात मराठीही आली. ज्या घरात आईवडिलांना अक्षरओळख नाही, तिथे फोनमधला हा आवाज मोठा आधार होऊ शकतो.

मग अडतं कुठे?

'असर'ची पाहणी गावोगाव घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते. तिच्यात 2018 साली ग्रामीण भारतातल्या सुमारे 36 टक्के घरांत स्मार्टफोन होता. 2022 मध्ये तो जवळजवळ 75 टक्के घरांत पोचला. याच चार वर्षांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आली. याचा दोष फोनला देणं अन्यायाचं होईल. मध्ये करोना होता, शाळांना कुलपं होती. त्या काळात धडे फोनवरूनच घरी पोचत होते आणि शिक्षकांनी त्यासाठी जिवाचं रान केलं. पण फोन घरात आला म्हणून वाचन घरात येत नाही, एवढं हे आकडे सांगतात. शाळा उघडल्या, वर्गात पुन्हा बाई आणि गुरुजी उभे राहिले, आणि 2024 च्या पाहणीत तोच आकडा 27.1 वर आला.

माणूस समोर असल्याने काय होतं, हे सिएटलच्या संशोधक पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये तान्ह्या मुलांवर पाहिलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही दिवस चिनी भाषेतून कोणी प्रत्यक्ष बोललं, खेळलं, तेव्हा त्या भाषेतले बारीक ध्वनिभेद बाळांना ओळखता आले. तेच बोलणं दुसऱ्या बाळांना पडद्यावर दाखवलं, तेवढाच वेळ दाखवलं. त्यांना काही उमगलं नाही. आवाज तोच, शब्द तेच. उणीव होती ती बाळाच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या माणसाची.

आपल्या मराठीपुरती आणखी एक गोष्ट आहे. नातीच्या टॅबवरचं एक अक्षरांचं ॲप मी शेवटपर्यंत पाहिलं. 'ज्ञ' आला तेव्हा आतल्या आवाजाने 'ग्य' म्हटलं. 'चमचा' म्हणताना दोन्ही 'च' 'चार'मधल्यासारखे उच्चारले. 'ल' आणि 'श' आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे नव्हते, हिंदीच्या वळणाचे होते. हिंदीसाठी ते बरोबरच आहे. पण मराठी मुलाला 'ज्ञानेश्वर' कसं म्हणायचं हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. ते सांगणारं माणूस घरात, चार हातांवर, भाजी निवडत बसलेलं होतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं. बाहेरची शैक्षणिक साधनं महाग होती. त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, पानं आणि खडे घेतले, आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं मोजायला, ओळखायला, बोलायला शिकली. जिथे मुलं येत नसत, तिथे बाईच मुलांच्या अंगणात गेल्या. त्यातून अंगणवाडी ही कल्पना उभी राहिली. साधन शिंपल्याचं असो की काचेचं, त्याच्या शेजारी मायेने बसणारं कोणी असलं की ते शिकवू लागतं. ही त्यांच्या कामातली शिकवण आजही तितकीच खरी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं बरं. ही मर्यादा पाळायलाच हवी. पण त्या तासात मूल एकटं असतं की कोणाजवळ असतं, हेही तितक्याच काळजीने पाहायला हवं. जेवण भरवताना हातात दिलेला फोन आणि झोपताना आजीबरोबर वाचलेली फोनवरची गोष्ट, घड्याळात दोन्हींची मिनिटं सारखीच भरतात. मुलाच्या मनात ती सारखी नसतात.

आजीबरोबरच्या त्या वाचनात काय घडतं ते पाहा. आजी ओळीवर बोट ठेवते. नात विचारते, "हा कोल्हा रडतोय का?" आजी विचारते, "तुला काय वाटतं?" गोष्ट तिथे थांबते. कोल्ह्यावरून शेतातला कोल्हा निघतो, त्यावरून आजीचं गाव निघतं. ॲप पुढचं पान दाखवायला तयारच असतं, पण त्या दोघींना घाई नसते. शब्द नातीच्या पदरात पडतात ते या थांबण्यात.

त्याच दिवशी नंतर मी बालभारतीच्या संकेतस्थळावर 'किशोर'चे जुने अंक उघडले. 1971 मध्ये सुरू झालेलं हे मासिक मी लहानपणी हातोहात फाटेपर्यंत वाचलं होतं. त्याच काचेवर, जिथे सकाळी ठिपक्यांचा 'अ' होता, तिथे माझं बालपण आलं. नात माझ्या कुशीत शिरून चित्रं बघत होती. मी ओळींवर बोट फिरवत वाचत होते. मध्येच तिने आपलं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आजी, हा अ!" तो 'अ' तिने काचेवरच शिकलेला होता, हे मी विसरणार नाही. पण या पानावर तो तिला ठिपक्यांशिवाय सापडला.

मग पाटी घेतली. तिने मनाने 'अ' काढला. एका बाजूला कललेला, काना सुटलेला. टाळ्या मीच वाजवल्या.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. टॅब घ्या, ॲप घ्या, चांगलं निवडून घ्या. पण टॅब मुलाच्या मांडीवर ठेवून उठून जाऊ नका. मुलाला आपल्या मांडीवर घ्या, टॅब दोघांच्या समोर ठेवा, आणि त्याच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवा.