पूर्वपक्ष

बाईंनी तिसरं प्रकरण उघडलं आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ‘जुन्या बखरींवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या काहींनी वैशाखाचा हट्ट सोडला नाही.’

“आंधळा, काहींनी, हट्ट. माणसांना लावलेले तीन शब्द. पुराव्याबद्दल एकही नाही.”

मुलाच्या प्रबंधाचा विषय होता शिवजन्मतिथीचा वाद. बखरींच्या आधारे शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इ. स. १६२७, अशी तिथी सांगितली जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे घराण्याच्या दप्तरातली, सालवार नोंदींची जेधे शकावली छापली, आणि तीत निघाली शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मुलाच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला होता.

“मीमांसक एखादा प्रश्न घेतात तेव्हा आधी विषय मांडतात, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि त्यानंतर सिद्धान्त,” बाई म्हणाल्या. “पूर्वपक्षात पंडित स्वतःच विरोधक होऊन बोलतो. तू तुझ्या विरोधकाला एकदा तरी भेटलायस का?”

त्यांनी एक पत्ता लिहून दिला. वैशाखाच्या बाजूने हयातभर लिहिलेले एक निवृत्त शिक्षक होते.

मुलाने सहा पानांचा पूर्वपक्ष लिहून नेला. गुरुजींनी चष्मा पुसला, ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं आणि पानं परत केली.

“ही माझी बाजू नव्हे. ढकलली की पडावी अशी तुम्ही उभी केलेली भिंत आहे ही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “बखरी उशिराच्या, हे मलाही ठाऊक आहे. पण उशिरा लिहिणाऱ्यापुढे जुना कागद नसेलच कशावरून? आणि तुमची शकावली? ती कोणाच्या हातची, मूळ की नक्कल? अख्खी तिथी एका कागदावर टांगून मोकळे झालात.”

त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. गुरुजींचा प्रश्न खरा होता, आणि तो त्याला स्वतःला कधी पडला नव्हता. प्रतिपक्ष दुबळा करून मांडला की आपलाच पुरावा तपासायचा राहून जातो. कितीतरी प्रबंध असे आतून पोकळ राहतात.

तो परमानंदाच्या ‘शिवभारता’कडे वळला. महाराजांच्या हयातीत रचलेलं संस्कृत काव्य, जेध्यांच्या दप्तराशी संबंध नसलेलं. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. मग राजस्थानात सापडलेली जन्मपत्रिका पाहिली. तिचीही साक्ष फाल्गुनाचीच. तिथी तीच राहिली, पण आता ती तीन खांबांवर उभी होती.

पूर्वपक्ष त्याने पुन्हा लिहिला. शकावलीवरचा आक्षेप सर्वांत वर घेतला, धार कमी न करता. ‘आंधळा’ गेला, ‘हट्ट’ गेला, ‘काहींनी’च्या जागी गुरुजींचं नाव आणि त्यांच्या लेखाचं साल आलं.

तो पुन्हा गेला तेव्हा गुरुजींनी बराच वेळ घेतला. चौथ्या पानावर थांबले, खिशातून पेन्सिल काढली आणि समासात स्वतःच्या बाजूचा एक राहिलेला मुद्दा बारीक अक्षरात लिहिला.

“आता ही माझी बाजू झाली,” पानं नीट जुळवून त्याच्या हातात देत ते म्हणाले. “बसा. आता खोडा.”