आईचा तिसरा हिस्सा आणि बहिणीची सही



लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक माणूस प्रभू येशूला विनवतो, की माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. प्रभू वाटणी करून देत नाही. तो लोभापासून सावध करतो आणि मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या धनवान शेतकऱ्याचा दाखला सांगतो. यावरून काही जण म्हणतात, जमिनीची वाटणी ही तलाठ्याची बाब, चर्चची नव्हे. आम्हांला तसे वाटत नाही. त्या माणसाचा हक्क खोटा आहे असे प्रभू म्हणाला नाही. त्याने बोट ठेवले ते मनातल्या हावेवर. आणि आपल्या घरांत ही हाव पुष्कळदा भांडणाच्या रूपाने येतच नाही. ती रीतीच्या रूपाने येते.

ही रीत सर्वांना ठाऊक आहे. वडील जातात. महिन्याची मिस्सा होते. पाहुणे अजून घरात असतानाच सासरहून आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राची गोष्ट निघते. तिच्या लग्नात खर्च केला, म्हणजे तिचा वाटा तिला पोचला, अशी समजूत असते. तिच्यावर कोणी आवाज चढवत नाही. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढी भीती पुरते. आई आतल्या खोलीत बसलेली असते. तिला तर कोणी विचारतही नाही.

आपल्याला लागू असलेला कायदा काय सांगतो ते आधी पाहू. शेजारीपाजारी वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा जो भेद ऐकू येतो, तो हिंदू कायद्यातला. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मुले असली, तर एक तृतीयांश पत्नीचा. उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांचे, सारख्या वाट्याने. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. विवाहित आणि अविवाहित यांतही नाही. पत्नी आधी गेली तर तिच्या मालमत्तेत पतीचा हक्क तसाच. देवळी किंवा समुद्रपूरकडे कोणाचे नऊ एकर असेल, मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर आईला तीन एकर आणि प्रत्येक मुलाला दोन. आईचे तीन एकर हे पोटगी म्हणून नव्हे, तर पूर्ण मालकीचे.

पण हाच कायदा मृत्युपत्राची मोकळीकही देतो. वडिलांनी ठरवले तर ते सगळे एकालाच लिहून देऊ शकतात. म्हणून कायदा वाचून प्रश्न संपत नाही. तो सदसद्विवेकापाशी येऊन थांबतो.

इथे शेत कसणाऱ्या मुलाचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. तो म्हणतो, "कपाशीवर फवारणी मी केली, सोयाबीन पावसात सापडले तेव्हा झोप माझी गेली, सोसायटीचे कर्ज माझ्या डोक्यावर आहे. नागपूर-पुण्यात नोकरी करणाऱ्यांना सारखा वाटा कसा?" हे म्हणणे खोटे नाही. श्रमाचे मोल झाले पाहिजे. पण श्रमाचे मोल आणि नात्याचा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट हिशेबाने फेडता येते. दुसरी जन्मानेच मिळालेली असते.

आपल्याच जिल्ह्यातले पवनारचे विनोबा हे फार सोप्या रीतीने समजावीत. 1951 साली पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले. पुढे गावोगाव ते शेतकऱ्याला म्हणत, की तुम्हांला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. विनोबांनी त्या शेतात नांगर धरला नव्हता. तरी पुष्कळांनी जमीन दिली, कारण घरचा म्हटले की वाटा आला, हे त्यांना पटले. परका माणूस सहावा मुलगा होऊ शकतो, तर पोटची मुलगी हिशेबातून का गळावी?

मालकीची वाटणी केली म्हणून शेताचे तुकडे करावेच लागतात असे नाही. सातबारावर सर्वांची नावे राहोत. कसणारा भाऊ बहिणीचा हिस्सा बटईने किंवा ठेक्याने करो. तिला खरोखर सोडायचे असेल तर तिने सोडावे. पण तिला आधी आपला वाटा किती ते कळलेले असावे, विचाराला वेळ मिळालेला असावा आणि नाही म्हटले तरी दिवाळी-नाताळला माहेरी तिचे स्वागत व्हावे. नाही म्हणण्याची सोय नसेल, तर त्या सहीला दान म्हणता येत नाही.

आईविषयी तर अधिकच जपले पाहिजे. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले, त्यांत वर्धा होता. त्या काळात अनेक विधवांना कळले, की ज्या शेतात जन्म गेला त्याच्या कागदावर आपले नावच नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज मिळणे कठीण, आणि म्हातारपणी शब्दाला वजनही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत शेतकऱ्यांना हेच सांगितले होते, की जिवंतपणी, आपखुशीने, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे. वाटणीची गोष्ट धडधाकट असतानाच, सर्व मुलामुलींना एकत्र बसवून काढा. मृत्युपत्र केलेत तर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या पतीपत्नीला, साक्षीदार करू नका; नाहीतर त्याला दिलेली देणगी रद्द ठरते. मुलामुलींनी आईचे नाव वारसनोंदीत सर्वांत आधी लावावे. मयतांच्या जागी वारसांची नावे लागावीत म्हणून सरकारला 2025 साली 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. यावरून आपण हे काम किती लांबणीवर टाकतो ते दिसते.

एका वेदीपाशी भाऊबहीण सारख्याच हाताने प्रभूभोजन स्वीकारतात. तिथून घरी परतल्यावर बहिणीचा हात फक्त सहीपुरता उरू नये.