बिळाबाहेर काढलेला शत्रू

उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेममध्ये शत्रू ओळखायला वेळ लागत नाही. तो समोरून नाकाच्या रेषेत चालत येतो आणि डोक्यावर उडी मारली की चपटा होतो. 1985 साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने हा कायदा इतका पक्का केला की पुढचे कितीतरी गेम त्याच पायावर उभे राहिले. खड्डा ओलांडायचा तो उडी मारून, वीट फोडायची ती उडी मारून, वैरी संपवायचा तोही उडी मारूनच. एकच बटण, आणि जगातल्या बहुतेक अडचणींवर तेवढा इलाज पुरेसा.

पाण्यात मात्र हा इलाज चालत नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त नकली यंत्रे आपल्याकडे घरोघरी आली. एकाच कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याची थाप तिच्या वेष्टनावरच छापलेली असे. त्या यंत्रांवर ज्यांनी मारिओ खेळला, त्यांना 2-2 हा पाण्याखालचा टप्पा आठवत असेल. कालपर्यंत उडी मारणारे बटण तिथे फक्त हात मारायच्या कामाचे उरते. वेडावाकडा पोहणारा पांढरा माखला अंगावर येतो आणि त्याच्या डोक्यावर पाय दिला तरी मरतो आपणच. आगीचे फूल हाताशी असेल तर गोळे झाडता येतात, नाहीतर वाट काढत निसटायचे. मारिओच्या जगात त्याच्या पायांची सत्ता संपते ती इथे. बहुसंख्य खेळाडूंना पाण्याचे टप्पे आवडत नाहीत. ते संथ असतात, कंटाळवाणे असतात, ही तक्रार जुनीच आहे. मला ती अर्धीच खरी वाटते. संथपणापेक्षा जास्त सलते ती बळ काढून घेतल्याची भावना.

या बळहीनतेचा सर्वांत चांगला उपयोग ज्या प्राण्याने करून घेतला तो 1996 साली आला. त्या वर्षी जूनमध्ये जपानमध्ये निन्टेंडो 64 हे यंत्र बाजारात आले आणि त्याच्याबरोबर 'सुपर मारिओ 64'. शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारिओला कागदासारख्या सपाट जगातून उचलून त्रिमितीत सोडले होते. त्यातला तिसरा टप्पा, 'जॉली रॉजर बे', म्हणजे कड्यांनी वेढलेली एक खाडी. काठावरून पाणी निरुपद्रवी दिसते. बुडी मारली की तळ खाली खाली सरकत जातो आणि त्या तळाशी एक बुडालेले जहाज पडलेले असते. मारिओला त्यात शिरायचे आहे. शिरण्याची जागा म्हणजे जहाजाची एक खिडकी, आणि त्या खिडकीत आधीच कोणीतरी राहते.

आधी दिसते ते डोके. मारिओच्या कितीतरी पट मोठे, जबडा उघडा, दात दिसणारे. आपण जरा जवळ गेलो की ते बाहेर सरकते, आणि मग डोक्यामागून शरीर येऊ लागते. ते येतच राहते. अनेक खेळाडूंचा धीर नेमका इथे सुटतो. तोंडावरून आपण अंगाचा जो अंदाज बांधलेला असतो तो साफ खोटा ठरतो आणि शेपूट बाहेर पडेपर्यंत हा ईल, म्हणजे सापासारखा लांबलचक मासा, आपल्या बाजूने निघून गेलेला असतो. मग रिकाम्या झालेल्या त्या खिडकीतून मारिओ आत शिरतो, चार पेट्या योग्य क्रमाने उघडतो, पाणी ओसरते आणि त्याला तारा मिळतो. दुसऱ्या कामगिरीत ईल कड्यातल्या एका बिळात आहे आणि तारा थेट त्याच्या शेपटीवरच आहे. बिळाजवळ घुटमळायचे, त्याला बाहेर यायला लावायचे, त्याच्या अंगाच्या कडेकडेने पोहत शेपूट गाठायची. इंग्रजी आवृत्तीत या कामगिरीचे नाव ईलला बाहेर खेळायला बोलावल्यासारखे आहे. विनोद चांगला आहे. पण खोड्या काढायला कोण आले आहे, हेही त्यात नकळत कबूल होऊन जाते.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. या ईलला शत्रू म्हणण्याची आपली सवय तपासून पाहण्याजोगी आहे. त्याला मारण्याचे कोणतेही साधन गेम आपल्याला देत नाही, आणि त्याला हरवणे हे उद्दिष्टही कुठे सांगितलेले नाही. तो जमिनीवर येत नाही, मारिओ ज्या राजकन्येला सोडवायला निघालेला असतो तिच्या अपहरणाशी त्याचा संबंध नाही. एका बिळात तो राहतो. आपले काम त्या बिळात किंवा त्याच्या शेपटीवर निघाले म्हणून तो आपल्या आड येतो. घरात शिरलेल्याने यजमानालाच चोर म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

आणि तो आपला पाठलागही करत नाही. त्याच गेममधला गूंबा नावाचा साधा शत्रू घ्या. मारिओ दिसताच तो दचकून जागच्या जागी उडी मारतो आणि अंगावर धावत येतो. बू नावाचे भूत आपण पाठ फिरवली की मागून सरकू लागते. म्हणजे त्या यंत्राच्या मर्यादेत प्राण्यांना वैरभाव शिकवणे शक्य होते, आणि तो शिकवलेलाही होता. ईलला तो शिकवलेला नाही. चाहत्यांनी या गेमचा कोड उलगडून ठेवलेला आहे आणि त्यात ईलची वाट आधीच आखलेली दिसते: मारिओ ठराविक अंतराच्या आत आला की बाहेर पडायचे आणि नेमलेल्या वळणांनी पोहायचे. वाटेत सापडलो तर मार बसतो. आगगाडी रुळावर उभ्या असलेल्या माणसाचा जेवढा द्वेष करते तेवढाच हा ईल मारिओचा करतो.

यावर कोणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की हा सगळा तंत्राच्या गरिबीचा परिणाम आहे. एवढे लांब शरीर त्या काळच्या यंत्रावर मनमानी वळवणे अवघड, म्हणून त्याला ठरीव वाटेने फिरवले असेल. त्यात कसले आले तत्त्वज्ञान? कारण ते असू शकेल. पण कारण कोणतेही असो, पडद्यावर जे उमटले ते पाहावे लागते. हुशार शत्रूला एकच विषय असतो, तो म्हणजे आपण. आपल्याला पाहायचे, आपल्याला गाठायचे, आपल्याला संपवायचे. पुढच्या काळात गेममधले शत्रू जसजसे चलाख होत गेले तसतसे ते जास्तच आपल्याभोवती फिरू लागले. सगळे जगच आपल्या वाईटावर टपले आहे, ही एक प्रकारची खुशामतच झाली. जॉली रॉजर बेमधल्या ईलचा विषय आपण नाही. तो जातो आहे, कुठे ते त्याला ठाऊक. या बेपर्वाईमुळे काही ओबडधोबड बहुभुजांची ती आकृती खऱ्या जनावरासारखी वाटते, आणि भीतीही त्यामुळेच वाटते. वैऱ्याशी काहीतरी बोलणे तरी होऊ शकते; ज्याला आपली दखलच नाही त्याच्यापुढे काय करणार?

भीतीची बाकीची सामग्री गेमने फार शांतपणे मांडली आहे. पाच वर्षे आधीच्या, 1991 च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला लॅबिरिंथ झोन आठवून पाहा. श्वास संपत आला की तिथे आकडे उलटे मोजले जातात आणि त्यांच्याबरोबर ते धडधडणारे संगीत सुरू होते. आजही ते ऐकून काहींच्या हाताला घाम फुटतो. मारिओच्या खाडीत तसे काही नाही. कोजी कोंदो यांची धून काठावर इलेक्ट्रिक पियानोवर वाजत असते, पाण्याखाली गेले की तिच्यात तंतुवाद्ये मिसळतात, गुहेत शिरले की ताल येतो. ईल बाहेर आला म्हणून ती घाबरत नाही. तिला अंगाईच म्हणावे इतकी ती निवांत आहे. दुसरीकडे, मारिओची शक्ती दाखवणारी आठ भागांची चकती पाण्याखाली श्वासही मोजू लागते. जखम आणि दम यांचा हिशेब एकाच वहीत. नाणी गोळा केली किंवा वर येऊन डोके पाण्याबाहेर काढले की चकती पुन्हा भरते. त्यामुळे बिळासमोर वाट पाहत थांबणे फुकट नसते. तो बाहेर येण्याची वाट पाहताना आपण थोडेथोडे संपत असतो. उडी मारून प्रश्न सोडवायला शिकवलेल्या खेळाडूला इथे धीर धरायला सांगितलेले असते, आणि त्या धीराची किंमतही लावलेली असते.

खरा ईलही या बदनामीला नवा नाही. गेममधला प्राणी उघडच मोरे ईलवरून घेतलेला आहे. कोकणात ताटात येणारी वाम ही याच गणातली, पण दूरची नातलग. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांत राहणारा राक्षसी मोरे 3 मीटरपर्यंत वाढतो. तो बिळातून डोके काढून जबडा सारखा उघडतो-मिटतो आणि पाणबुड्यांना वाटते, धमकी देतो आहे. वास्तविक तो श्वास घेत असतो; कल्ल्यांवरून पाणी खेळते ठेवायला त्याला तोंड हलवावेच लागते. डिवचले नाही तर बहुधा तो माणसाच्या वाटेला जात नाही. अर्थात तो गरीब बिचारा मुळीच नाही. रिटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी 2007 साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की त्याच्या घशात दुसरा एक जबडा असतो. पहिल्याने भक्ष्य धरले की हा दुसरा पुढे येऊन ते आत ओढून घेतो. अरुंद कपारीत राहणाऱ्याला इतर माशांसारखे तोंड फुगवून भक्ष्य शोषून घेणे सोयीचे नाही, त्यावर निसर्गाने काढलेली ही तोड असावी. प्राचीन रोममधल्या व्हेडियस पोलिओ नावाच्या धनिकाने तर आपल्या तळ्यात हे मासे पाळले होते आणि एका गुलामाच्या हातून स्फटिकाचे भांडे फुटले म्हणून त्याला त्या तळ्यात टाकायला तो निघाला होता, असे सेनेकाने लिहून ठेवले आहे. सम्राट ऑगस्टस पाहुणा म्हणून हजर होता. त्याने गुलामाला सोडवले, पोलिओची उरलेली भांडी फोडायला लावली आणि तळे बुजवायला सांगितले. त्या गोष्टीत राक्षस कोण, याबद्दल ऑगस्टसला तरी शंका नव्हती.

मारिओच्या पुढच्या गेमांत या प्राण्याचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 2002 च्या 'सुपर मारिओ सनशाइन'मध्ये नोकी बे नावाची खाडी आहे आणि तिचे पाणी विषारी झालेले आहे. तळाशी असलेला अजस्र ईल त्याला कारणीभूत. त्याचे दात किडलेले आहेत. मारिओ डोक्यावर पाणबुड्याचे शिरस्त्राण चढवून खाली जातो आणि पाठीवरच्या पंपाने एकेक दात धुऊन काढतो. बहुतेकांना ही कल्पना गोड वाटते. शत्रूचा रोगी झाला, मारामारीची सेवा झाली, म्हणजे सुधारणाच की. मला ती तितकीशी पटत नाही. विनोद म्हणून कामगिरी झकास आहे. त्या उघड्या तोंडासमोर श्वास संपत असताना दात घासणे यात भीती आणि हसू दोन्ही आहे. तरी जॉली रॉजर बेच्या ईलचे सगळ्यांत मोठे वैभव तिथे हिरावले गेले आहे. त्याला आता आपली गरज आहे. मारता येत नाही तर निदान उपकार तरी करू, अशी ही सोय. दोन्हींत मध्यभागी उभे राहणार आपणच.

माणूस आणि बिळातला ईल यांच्यात मारणे, चुकवणे आणि बरे करणे यांपलीकडे चौथा संबंध सुचवायला हवा असेल तर तो तांबड्या समुद्रात सापडतो. रेदुआन ब्शारी आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत तिथला ग्रूपर मासा, आपल्या हेकरूचा भाऊबंद, राक्षसी मोरेच्या बिळापाशी जाऊन डोके थरथरवतो. हे शिकारीचे आवतण असते. मोरे बाहेर येतो आणि दोघे बरोबर निघतात: उघड्या पाण्यात पळणारे भक्ष्य ग्रूपर टिपतो, कपारीत दडणारे मोरे. शिकारीची वाटणी ते करत नाहीत. ज्याने धरले त्याचे. तरीही दोघांची कमाई एकट्याने केलेल्या शिकारीपेक्षा वाढते. ईलला बाहेर बोलावण्याची खेळकर कल्पना समुद्रात आधीच अस्तित्वात होती, आणि ती बोलावणाऱ्याच्याच नव्हे तर ईलच्याही फायद्याची होती. हे निरीक्षण गेमनंतर दहा वर्षांनी आले, त्यामुळे 1996 च्या रचनाकारांकडे त्याबद्दल बोट दाखवता येत नाही. नंतरच्यांकडे येते. लांबलचक शरीराचा, स्वतःच्या मर्जीने फिरणारा सोबती घेऊन एखादा पाण्याचा टप्पा ओलांडायचा, हे आजच्या यंत्रांना मुळीच जड नाही.

तसे झाले नाही. 2017 च्या 'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये मोरे पुन्हा बिळातून झेप घेणारा धोका होऊनच आला. त्या गेमची सारी गंमत मारिओच्या टोपीत आहे: ती ज्याच्या डोक्यावर पडते त्याच्या अंगात मारिओ शिरतो. बेडकाच्या अंगात, डायनासोरच्या, पाण्यातल्या चीप-चीप माशाच्या, रणगाड्याच्या, मांसाच्या एका तुकड्याच्या आणि शेवटी खुद्द खलनायक बाउझरच्यासुद्धा. टोपीला न जुमानणारे प्राणी आणखीही काही आहेत. पण गेममधले कितीतरी वैरी ज्या युक्तीला वश होतात तिच्या यादीत मोरे नाही. त्याच्या बाबतीत 2017 मध्येही मारिओला 1996 सारखेच अंतर राखून, त्याची झेप संपेपर्यंत थांबून, बाजूने पोहत निघून जावे लागते.