जीर्णोद्धार

औंढा नागनाथाच्या देवळाभोवती प्रदक्षिणा घालताना जोत्यापासून वर दृष्टी नेत गेले की एका उंचीवर बांधकामाची जात बदललेली दिसते. खाली यादवकालीन चिऱ्यांत कोरलेले हत्ती, योद्धे आणि देवता यांचे थर, वर पुष्कळ काळानंतर चढविलेले निराळ्या घडणीचे शिखर, आणि तरीही या दोहोंना मिळून एकच नागनाथ मानून माणसे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडीत आली आहेत. हे देऊळ मी लहानपणापासून पाहतो. परंतु त्यातला प्रश्न मला कळला तो देवळात नव्हे, माझ्या घरच्या दुरुस्तीच्या टेबलावर.

अभियंत्याची चाकरी मी रीतसर केली आणि मुदत संपल्यावर निवृत्तही झालो. पण शाळेत असताना घरी जोडलेल्या एका ट्रान्झिस्टरच्या संचातून परभणी आकाशवाणीचा पुसट आवाज प्रथम कानी पडला, त्या रात्री लागलेल्या छंदाला मात्र निवृत्तीची तारीख नाही. गेल्या वर्षी कयाधूकाठच्या एका शेतकरी गृहस्थाने आपल्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ धोतराच्या पानात गुंडाळून माझ्याकडे आणला. हळदीच्या पोत्यांशेजारी कित्येक वर्षे पडून राहिल्यामुळे त्याच्या लाकडाला हळदीचा वास लागला होता आणि जाळीच्या कापडात पिवळी भुकटी मुरली होती. चालू करताच गाणे नाही, बातम्या नाहीत, नुसती जाड, एकसुरी घरघर.

या घरघरीचे कारण जुन्या कारागिराला ऐकताक्षणी कळते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. रेक्टिफायर त्या आवर्तनाचे दोन्ही अर्ध एकाच दिशेला वळवितो, त्यामुळे सेकंदाला १०० हेलकावे उरतात, आणि ते पोटात घेऊन प्रवाह संथ करण्याचे काम ज्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरकडे असते त्यातला ओलावा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकून गेला की तेच हेलकावे स्पीकरवाटे बाहेर पडतात. मी तो ॲल्युमिनियमचा डबा बुडाशी कापला, आतली पत्र्याची व कागदाची सुकलेली गुंडाळी बाहेर काढली, त्या पोकळीत बोटाच्या पेराएवढे नवे कंडेन्सर बसविले आणि डबा पुन्हा होता तसा उभा केला. मेणकागदाचे कंडेन्सर, मूल्य भलतेच वाढलेले रेझिस्टन्स, थकलेला एक व्हॉल्व्ह, डायलची तुटकी दोरी, असे करीत करीत बरेच बदलावे लागले. एका संध्याकाळी चेसिस उलटी पडलेली, स्पीकर खिडकीत, व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले, आणि लाकडी पेटी रिकामी, असे चित्र समोर असता सहज मनात आले, की या क्षणी रेडिओ आहे तरी कोठे?

मिलिंदप्रश्नातील नागसेनाने राजाला रथाविषयी हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय? त्याचा निर्णय असा, की रथ हे केवळ व्यवहारातले नाव. त्या युक्तिवादाचा मला मोठा आदर आहे, पण कारागीर म्हणून तो मला पुरत नाही. कारण निव्वळ नाव घरघरत नाही, आणि निव्वळ नावासाठी कोणी पायपीट करीत येत नाही. गीतेने देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली. तेथे वस्त्र टाकणारा वस्त्राहून वेगळा आहे, माझ्या टेबलावर तसा वेगळा कोणी दिसेना. जवळचे उत्तर मिळाले ते जीर्णोद्धाराच्या विधीत. देवालयाच्या कामाला हात घालण्यापूर्वी मूर्तीतील देवतत्त्वाचे कलशातील पाण्यात आवाहन करतात, काम चालू असेतो देव त्या कलशात राहतो, आणि काम पुरे झाल्यावर त्याची पुन्हा प्रतिष्ठा होते. म्हणजे मोडलेल्या आणि सांधलेल्या यांच्या मधल्या काळात कोणीतरी ते अखंडपण सांभाळावे लागते. औंढ्याजवळच्या दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरींच्या वेधासाठी ४ किलोमीटर लांब भुजांचे जे यंत्र उभे व्हावयाचे आहे, त्याचे काही भाग मुळात अमेरिकेत हॅनफर्ड येथील तशाच यंत्राच्या दुसऱ्या संचासाठी घडविलेले. ते यंत्रही आज अशाच कोणाच्या तरी मनाच्या कलशात आहे.

याच औंढ्यात विसोबा खेचरांनी पिंडीवर पाय ठेवले आणि नामदेवांनी ते जेथे जेथे उचलून ठेवले तेथे तेथे पिंड उमटली, अशी आख्यायिका आहे. ‘कोठे’ हा प्रश्नच विसोबांनी मोडून काढला. मी तेवढ्या भूमिकेवर जाऊ शकत नाही. ज्याच्या हातात डाग देण्याची सळई आहे त्याला कलश लागतोच. सुट्या भागांच्या पसाऱ्यात हा रेडिओ आहे असे ठामपणे मानल्याखेरीज पहिला टाका सुद्धा नीट बसत नाही, आणि हे मानणे मला श्रद्धेहून निराळे वाटत नाही.

रेडिओ बोलू लागला त्या दिवशी गृहस्थ आले. बराच वेळ ऐकत बसले आणि मग हळूच म्हणाले, “साहेब, आतलं एवढं सगळं बदललं, मग हा माझ्या बापाचाच राहिला का हो?”

मी म्हणालो, “राहिला. तुम्ही तो इथे आणलात ना, म्हणून राहिला.”

त्यांनी मान हलविली. पण निघताना टेबलाच्या कोपऱ्यातल्या ताटलीकडे बोट दाखवून, काढलेले सगळे मला द्या, म्हणाले. ती सुकलेली गुंडाळी, जळकट रेझिस्टन्स, दोरीचा तुकडा आणि काजळलेला व्हॉल्व्ह मी त्यांच्या उपरण्याच्या पदरात घातला, आणि त्यांनी त्याला गाठ मारली.