हलाहल कोणाच्या वाट्याला?

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी खोल समुद्रातलं तेल आणि वायू शोधण्याच्या राष्ट्रीय मोहिमेची घोषणा केली, तेव्हा त्यांनी शब्द वापरला ‘समुद्रमंथन’. भाषांतर करणाऱ्या माणसाला अशा शब्दाचा मोह पडतो आणि धास्तीही वाटते. मराठी, बंगाली, कन्नड, मल्याळम, सगळीकडे तो विनासायास पोचतो. अडलेल्या शब्दापाशी आपण थांबतो, कोश उघडतो. न अडणाऱ्या शब्दाची कोणी झडती घेत नाही.

‘तेल उत्पादन’मधलं ‘उत्पादन’ही तसंच. ज्वारी पिकते, कापड विणलं जातं. तेल आपण पिकवत नाही की विणत नाही, फक्त उपसतो. पण उपशाला उत्पादन म्हटलं की ते कधीतरी संपणार आहे, ही जाणीवच पुसली जाते.

या मोहिमेला पाठिंबा देणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. १९७३च्या तेलसंकटाने पोळलेल्या देशाला पुढच्याच वर्षी ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल दाखवलं, तेव्हाचा आनंद खोटा नव्हता. आजही लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. दूर कुठे युद्ध पेटलं आणि भाव चढले, की चटका बसतो तो मालवाहू टेम्पोवाल्याला आणि डिझेलवर होडी चालवणाऱ्या कोळ्याला. शिवाय आपला समुद्र स्वच्छ राहावा म्हणून परक्या समुद्रातलं तेल जाळायचं, यात नीती कसली? हा प्रश्न मला टाळता येत नाही. मीही त्याच तेलावर धावणाऱ्या बसने प्रवास करते.

पण आजची गरज भागवणं आणि उद्याची तहान ठरवून टाकणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला खोल पाण्यातला एक ब्लॉक ओएनजीसीकडे २००५मध्ये आला. त्यातून पहिलं तेल निघालं जानेवारी २०२४मध्ये. म्हणजे आज घेतलेल्या निर्णयाचं तेल आजच्या टेम्पोवाल्याच्या टाकीत पडणार नाही. ते पडेल आज शाळेतही न गेलेल्या मुलांच्या काळात, आणि तेव्हा गुंतवलेला पैसा वसूल व्हावा म्हणून त्यांना ते जाळावंही लागेल. ‘गरज’ या शब्दाआड हा करार लपतो. त्यावर ज्यांची सही हवी, ते अजून सही करण्याच्या वयाचे नाहीत. त्याच देशाने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचनही दिलं आहे. दोन्ही वचनं एकत्र पाळता येतील का, हे पाठिंबा देणाऱ्यांनी सांगायला हवं.

मंथनाची कथा इथे उपयोगी पडते, फक्त ती पूर्ण वाचायला हवी. घुसळण्याबद्दल देव-दानवांत वाद नव्हता, भांडण झालं ते वाटपावर. आपल्याकडेही उपसावं की नाही यावर पक्षांत फारसा वाद होत नाही. होतो तो कंत्राटांवर, दरांवर, स्वामित्वधनावर. आणि कथेत अमृताच्या आधी हलाहल वर येतं. ते प्यायला कोणाला तरी विनवावं लागलं, आणि शंकराने ते जाणूनबुजून घेतलं.

आपल्या मंथनात विष पिणाऱ्याला विचारलं जात नाही. २७ जुलै २००५ला मुंबई हायवरचा एक फलाट जळून गेला, २२ माणसं गेली. मे २०२१मध्ये ‘तौक्ते’ वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता, तरी पी-३०५ हा बार्ज कामगारांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला. सत्तरहून अधिक माणसं दगावली. मृतांत कितीतरी जण कंत्राटी कामगार होते. ऊर्जास्वातंत्र्याच्या भाषणांत त्यांच्यासाठी शब्द नसतो.

नॉर्वेने तेलाचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठी निधीत ठेवला, हे शहाणपणाचंच. तरी त्याच तेलाचा धूर मात्र कुठल्याही निधीत साठवता आला नाही. तो सगळ्या जगाच्या हवेत गेला. अमृत जपून ठेवता येतं, हलाहल लगेच वाटलं जातं.

म्हणून ड्रिलिंगला सरसकट ‘नको’ म्हणण्याआधी मी पाठिंबा देणाऱ्याला तीन प्रश्न विचारेन. वादळाचा इशारा आल्यावर काम थांबवण्याचा अधिकार कोणाकडे असेल? जुने फलाट आणि विहिरी आवरण्याचा पैसा आजच बाजूला ठेवला आहे का? आणि हे तेल कोणत्या वर्षी थांबवणार? उत्तरं कायद्याच्या कलमांत लिहिलेली असली, तर मी त्यांच्याशी बोलायला बसेन. ती नुसती भाषणात असली, तर ‘समुद्रमंथन’ऐवजी मी ‘उपसा’ हाच शब्द वापरेन.